अखंड म्हणजे अचूक नव्हे

ध्वनीच्या धड्याला एक चित्र हटकून जोडले जाते. फळ्यावर एक गुळगुळीत नागमोडी रेषा काढायची आणि तिच्याशेजारी तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांची दुसरी रेषा. पहिलीखाली लिहायचे 'ॲनालॉग', दुसरीखाली 'डिजिटल'. मग सांगायचे, की ग्रामोफोनच्या तबकडीत ध्वनी जसाच्या तसा, सलग कोरलेला असतो. सीडीत किंवा मोबाइलमध्ये मात्र त्याचे तुकडे करून आकडे साठवलेले असतात. वर्गातली हुशार मुले यावरून लगेच निष्कर्ष काढतात : तबकडीतला ध्वनी संपूर्ण, आकड्यांतला अपुरा.

आम्हीही हे चित्र अनेकदा काढले आहे. ते सोपे आहे आणि मुलांच्या लक्षात राहते. पण गेल्या काही वर्षांत विनाइलच्या तबकड्या पुन्हा खपू लागल्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली विकल्या गेलेल्या तबकड्यांची संख्या सीडींपेक्षा जास्त भरली. असे १९८७ नंतर प्रथमच घडले. त्यामुळे आपले फळ्यावरचे चित्र आता जाहिरातींतूनही फिरते आहे. अशा वेळी ते एकदा नीट तपासून पाहायला हवे. त्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे तबकडी जिथे तयार होते तो कारखाना.

तबकडीचा जन्म

सुरुवात ॲल्युमिनियमच्या सपाट चकतीपासून होते. तिच्यावर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा काचेसारखा गुळगुळीत थर दिलेला असतो. १२ इंची तबकडीसाठी ही चकती १४ इंचांची घेतात, म्हणजे कडेला हाताळायला जागा उरते. कोरण्याच्या लेथवर ती फिरत असते आणि नीलम किंवा माणकाची तापवलेली अणकुचीदार छिन्नी लॅकरमध्ये खाच पाडत हळूहळू मध्याकडे सरकते. निघणारा बारीक धागा त्याच क्षणी हवेच्या नळीने ओढून घेतला जातो. छिन्नीला विद्युतसंकेताने कंप दिलेले असतात, म्हणून खाच नागमोडी होते. खाचेचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. तिच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र संकेत कोरता येतात. स्टीरिओची ही कल्पना ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्ये पेटंटासाठी मांडली होती.

लॅकर मऊ असते, त्याने दाबाखाली प्रती काढता येत नाहीत. म्हणून पुढचे काम रसायनशास्त्राचे. चकती धुऊन तिच्यावर चांदीचा अतिशय पातळ थर बसवतात, म्हणजे पृष्ठभाग विद्युतवाहक होतो. मग निकेलच्या क्षाराच्या द्रावणात तिला ऋणाग्र करून विद्युतप्रवाह सोडतात. निकेल साचत जाते, पुरेसे जाड झाले की सोलून काढतात. या निकेलच्या पत्र्यावर खाचांच्या जागी उंचवटे आलेले असतात. कारखान्यात त्याला 'फादर' म्हणतात. फादरवर पुन्हा निकेल चढवून मिळते ती 'मदर'. तिच्यावर खाचा असतात आणि ती चक्क वाजवून तपासता येते. मदरपासून काढतात तो छापायचा साचा, त्यावर पुन्हा उंचवटे.

शेवटचा टप्पा छपाईचा. पॉलिव्हिनाइल क्लोराइड आणि विनाइल ॲसिटेट यांच्या सहबहुलकाचे दाणे वितळवून पेढ्यासारखा गरम गोळा करतात. खाली एक साचा, वर दुसरा, मध्ये गोळा, आणि गोळ्याच्या दोन्ही बाजूंना कागदी लेबले. वाफेने तापवलेल्या साच्यांवर सुमारे १०० टनांचा दाब पडतो, गोळा पसरतो, लेबल गोंदाशिवाय पक्के बसते. लगेच साच्यांतून थंड पाणी खेळवतात, कडेचा जास्तीचा भाग कापतात आणि अर्ध्या मिनिटात तबकडी हातात येते. विनाइल मुळात काळे नसते. काळा रंग त्यात मिसळलेल्या काजळीचा.

इथे वर्गात एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : लॅकरपासून तबकडीपर्यंत खाचेचे उंचवट्यात आणि उंचवट्याचे खाचेत असे किती वेळा रूपांतर झाले? चार वेळा. संख्या सम आहे म्हणून शेवटी पुन्हा खाच मिळाली. फादरवरूनच थेट तबकड्या छापता आल्या असत्या का? आल्या असत्या, आणि कमी प्रती हव्या असल्या की तसे करतातही. पण साचा दाबाखाली झिजतो, साधारण हजार-दीड हजार छपायांनंतर तो बदलावा लागतो. मदर जपून ठेवली की तिच्यापासून नवे साचे काढता येतात.

आता फळ्यावरच्या चित्राकडे वळू. त्यावर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप : खाचेत 'जसाच्या तसा' ध्वनी नसतो

तबकडी वाजवताना सुईच्या हालचालीतून विद्युतसंकेत तयार होतो. नेहमीच्या चुंबकीय पिकअपमध्ये तो सुई किती सरकली यावर नव्हे, तर किती वेगाने सरकली यावर ठरतो. याचा एक अडचणीचा परिणाम होतो. तेवढाच संकेत मिळवायचा तर ५० हर्ट्झच्या खर्जाच्या स्वराला १००० हर्ट्झच्या स्वराच्या २० पट आयामाने डुलावे लागते. खर्ज असा मोकळा सोडला तर खाचा रुंद होऊन शेजारच्या खाचांत घुसतील आणि एका बाजूवर फारच थोडे संगीत मावेल. उलट अतिउच्च कंप्रतांचा आयाम इतका लहान होईल, की तो पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जाईल.

यावर उपाय असा, की कोरण्यापूर्वीच खर्ज दाबायचा आणि वरचे स्वर वाढवायचे. १९५४ साली अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने याचे एक प्रमाण ठरवले. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा संकेत सुमारे २० डेसिबलने, म्हणजे एक-दशांशापर्यंत कमी करतात. २०,००० हर्ट्झचा तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे दहा पट वाढवतात. ऐकताना ॲम्प्लिफायर बरोबर उलटे करतो. १९५४ पूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत आपापली होती, म्हणून जुनी तबकडी चुकीच्या जोडणीवर वाजवली तर आवाज पोकळ किंवा कर्कश लागतो.

म्हणजे खाच ही ध्वनीची सरळ प्रतिकृती नाही. ठरलेल्या नियमाने मुद्दाम बदललेला आणि पुन्हा उलगडावा लागणारा तो मजकूर आहे. सांकेतिक लिपी म्हणजे फक्त आकडे असा समज चित्रामुळे होतो. तबकडीलाही तिची लिपी आहे.

याशिवाय कोरणाऱ्याला आणखी काही तडजोडी कराव्या लागतात. खर्जाचे स्वर डाव्या-उजव्या भिंतींत परस्परविरुद्ध कोरले गेले, तर सुई वर-खाली उडते. म्हणून ते दोन्ही बाजूंना सारखे करून घेतात. 'स', 'श' यांचे सीत्कार फार तीव्र असले तर दाबावे लागतात. संगीत मोठ्या आवाजात कोरले तर खाचा रुंद होतात आणि वेळ कमी मिळतो.

दुसरा आक्षेप : अखंड रेषेलाही जाडी असते

मुलांकडून थोडे गणित करून घेऊ. लाँग प्लेइंग तबकडी तीन मिनिटांत १०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेजवळ त्रिज्या १४.६ सेंमी धरली तर खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी वेगाने जाते. आत लेबलाजवळ त्रिज्या ६ सेंमी धरली तर वेग उरतो २१ सेंमी. आता १०,००० हर्ट्झचा स्वर घ्या. त्याच्या एका लाटेला बाहेर ०.०५१ मिमी जागा मिळते, आत फक्त ०.०२१ मिमी. साध्या गोल टोकाच्या सुईची टोकाची त्रिज्या असते सुमारे ०.०१८ मिमी. वाजवण्याची सुई ही कोरणाऱ्या छिन्नीइतकी धारदार ठेवता येत नाही, नाहीतर तीच तबकडी कोरत जाईल. साहजिकच आतल्या खाचांची बारीक वळणे गोल टोकाला नीट अनुसरता येत नाहीत. लंबवर्तुळाकार टोकाने दोष कमी होतो, संपूर्ण जात नाही. म्हणजे एकाच तबकडीवर पहिले गाणे आणि शेवटचे गाणे यांना मिळणारी वागणूक सारखी नसते.

दुसरे उदाहरण मधल्या छिद्राचे. छपाईत ते केंद्रापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकले, तरी १० सेंमी त्रिज्येवर सुईखालचा वेग दर फेऱ्याला अर्धा टक्का वाढतो आणि अर्धा टक्का घटतो. लगतच्या दोन अर्धस्वरांच्या कंप्रतांत सुमारे सहा टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे एकूण हेलकावा अर्धस्वराच्या सहाव्या हिश्शाएवढा. द्रुत तानेत तो लपेल, पण विलंबित आलापातल्या लांबवलेल्या षड्जावर, मागे तानपुरा चालू असताना, सरावलेल्या कानाला तो दर १.८ सेकंदांनी जाणवतो.

तिसरी गोष्ट पदार्थाची. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख मुख्यतः आपल्याकडच्या पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, म्हणून त्या तबकड्या खरखरत. विनाइल त्या मानाने फार शांत, पण निःशब्द नव्हे. चांगल्या तबकडीत सर्वांत मोठा संकेत आणि पृष्ठभागाची खरखर यांत साधारण ६० ते ७० डेसिबलांचे अंतर असते. सीडीच्या १६ बिटांच्या आकड्यांत हे अंतर सुमारे ९६ डेसिबल आहे. एका बिटाला ६ डेसिबल हा हिशेब लावला, तर तबकडीची सूक्ष्मता १०-१२ बिटांच्या आसपास भरते. त्याहून लहान चढउतार खाचेत 'असतात' असे म्हणणे निरर्थक आहे, कारण ते खरखरीपासून वेगळे ओळखताच येत नाहीत.

आमचा मुख्य मुद्दा इथे आहे. अखंडता आणि अचूकता हे दोन वेगळे गुण आहेत. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा अखंड फिरतो, पण म्हणून त्यावर कोणी सोने तोलत नाही.

एक गोष्ट मात्र निःसंकोच सांगायला हवी. या साखळीतला निकेलच्या नकलांचा टप्पा, जो ऐकायला सर्वांत धोक्याचा वाटतो, तो खरे तर सर्वांत विश्वासू आहे. विद्युत्विलेपनाने आकाराची इतकी सूक्ष्म नक्कल होते, की नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल चालून जाते. चुका होतात त्या धुळीच्या कणाने, पत्रा सोलताना पडलेल्या ओरखड्याने, नाहीतर छपाईत गोळा नीट न पसरल्याने.

तिसरा आक्षेप : पायऱ्या मुळात नसतातच

चित्राचा उजवा भागही सदोष आहे. अंकीय नोंद म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली मापे, म्हणजे सुटे बिंदू. पायऱ्या आपण काढतो. 'मग दोन बिंदूंमधले काय हरवले?' हा मुलांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच भूमितीत आहे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते. कागदावर तेवढे तीनच बिंदू ठेवले आणि 'ही आकृती वर्तुळ आहे' एवढे सांगितले, तर बाकीचे वर्तुळ हरवले असे आपण म्हणत नाही.

ध्वनीच्या बाबतीत 'आकृती वर्तुळ आहे' या वाक्याची जागा दुसरी एक अट घेते : संकेतात एका मर्यादेवरची कंप्रता नसावी. ती अट पाळली आणि त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा सेकंदाला मापे घेतली, तर त्या बिंदूंतून जाणारा वक्र एकच असतो आणि तो पुन्हा सलग मिळवता येतो. क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधामुळे हे तत्त्व सर्वत्र माहीत झाले. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापे घेतात, म्हणजे मर्यादा २२,०५० हर्ट्झची. तरुण, निरोगी कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ. प्रत्येक माप ६५,५३६ पातळ्यांपैकी जवळच्या पातळीवर आणताना थोडी चूक होते. योग्य काळजी घेतली तर ती अतिशय मंद फुसफुशीच्या रूपात उरते. म्हणजे दोन्हीकडे उरतो तो गोंगाटच. प्रश्न फक्त कोणाचा किती, एवढाच आहे.

तबकडीच्या बाजूने बोलायचे तर २०,००० हर्ट्झच्या पलीकडचेही काही खाचेत बसू शकते. १९७० च्या दशकात चार वाहिन्यांच्या काही तबकड्यांत ३०,००० हर्ट्झचा वाहक संकेत कोरत असत. पण इतकी नाजूक नक्षी झिजण्याचाच धोका मोठा असतो.

कानांची साक्ष

'हिशेब काही सांगो, कानाला फरक कळतो' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक घडलेली गोष्ट. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी संस्था जुन्या मूळ फितींवरून महागड्या तबकड्या काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिचे चाहते या तबकड्या निव्वळ ॲनालॉग मानत आणि तशाच वाखाणत. जुलै २०२२ मध्ये उघड झाले, की २०११ पासून तिच्या अनेक तबकड्यांसाठी फितीची आधी अंकीय नोंद केली जात होती आणि कोरणे त्या नोंदीवरून होत होते. संस्थेच्या अभियंत्यांनीच ते मान्य केले. ग्राहक संतापले, प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीने मिटले.

ग्राहकांचा राग योग्यच होता, कारण घेतलेल्या वस्तूबद्दल खरे सांगितले गेले नव्हते. पण विज्ञानाच्या दृष्टीने दुसरी बाजू महत्त्वाची आहे. इतकी वर्षे इतक्या चोखंदळ कानांनी त्या 'पायऱ्या' ओळखल्या नाहीत. यावरून अंकीय पद्धत श्रेष्ठ ठरत नाही. 'पायऱ्या ऐकू येतात' हा दावा तेवढा कोसळतो.

खरे तर हे त्याच्याही आधीपासून चालू होते. पुढचा आवाज किती मोठा आहे हे लेथला जवळजवळ एक फेराभर आधी कळावे लागते, म्हणजे खाचांतले अंतर कमीजास्त करता येते. त्यासाठी फितीच्या यंत्रावर एक जादा, आगाऊ वाचणारे शीर्ष बसवत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी त्याऐवजी संकेतच अंकीय साधनात थोडा थांबवून मग छिन्नीला देऊ लागले. तेव्हापासूनच्या कितीतरी 'अखंड' तबकड्यांतला ध्वनी आकड्यांतून गेलेला आहे.

मग तबकडीचे मोल काय?

आमची टीका चित्रावर आहे, तबकडीवर नाही. १९४८ साली कोलंबिया कंपनीने विनाइलची लाँग प्लेइंग तबकडी आणली आणि सुमारे तीन मिनिटांची मुदत वीस मिनिटांच्या पुढे गेली. रागसंगीताला याचे महत्त्व किती, हे वेगळे सांगायला नको. १९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ यांची एलपी अमेरिकेत निघाली, तेव्हा एका बाजूवर एक राग ऐसपैस मांडता आला. तबकडीने आपल्याला दिले ते हे : वेळ, आणि लाखेपेक्षा शांत पृष्ठभाग. शिवाय खाच भिंगाखाली दिसते. ध्वनी म्हणजे कंप हे डोळ्यांनी दाखवणारे दुसरे इतके सोपे साधन शाळेत क्वचितच मिळेल.

चित्राने होणारे नुकसान मात्र ध्वनीच्या धड्यापुरते राहत नाही. 'सलग ते खरे' असे मानणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत काट्याच्या व्होल्टमापकावर दोन रेघांमधली जागा डोळ्यांनी दहा भागांत वाटतो आणि त्यावर विसंबतो. त्याचाच मित्र अंकीय मापकावरचे तिन्ही दशांश तितक्याच श्रद्धेने उतरवून घेतो. दोघांनीही विचारायला हवा असलेला प्रश्न एकच : या मापातला गोंगाट किती?

म्हणून दोन सूचना. पहिली प्रयोगाची. टाकाऊ तबकडी फिरवून कागदी शंकूच्या टोकाला लावलेली टाचणी खाचेत हलकेच टेकवा. विजेशिवाय गाणे ऐकू येईल. टाचणीने खाच खराब होते, तेव्हा तबकडी खरोखरच टाकाऊ असावी. आवाज चिरका येईल. त्यामागे तीन कारणे संभवतात : खर्ज दाबून केलेले कोरीव काम, लहान कागदी शंकूची खर्ज देण्यातली असमर्थता आणि टाचणीचे जाड टोक. यांतले कोणते किती जबाबदार हे कसे शोधाल, असे मुलांना विचारा. शंकूचा आकार बदलून पाहणे ही सुरुवात त्यांना नक्की सुचेल.

दुसरी सूचना फळ्याची. डावीकडची नागमोडी रेषा काढताना खडू आडवा धरा, म्हणजे ती सलग पण बोटभर जाड उमटेल. कडा थोड्या खडबडीत राहू द्या. उजवीकडे पायऱ्या काढू नका, फक्त बिंदू काढा. मग एका विद्यार्थ्याला पुढे बोलावून त्या बिंदूंतून एक बारीक सलग रेषा काढायला सांगा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून वर्गाला विचारा, की कोणत्या रेषेवरून लाटेची उंची अधिक नेमकी सांगता येईल. उत्तर घाईने देऊ नका. मोजपट्टी त्यांच्या हातात द्या.